क्रे उंदरावर भरवसा ठेवण्याआधी

क्रे म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम; उंदराच्या ठरावीक पेशींतलंच जनुक काढायला ते वापरतात. पिंजऱ्यावरच्या कार्डावर ‘जीफॅप-क्रे’ लिहिलेलं असतं आणि आपण धरून चालतो, की या उंदरात फक्त ॲस्ट्रोसाइटमधलं (मेंदूतल्या आधारपेशींमधलं) जनुक कापलं जाणार. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मीही तेच धरून चालले. आठ महिने पिल्लं वाढवली, वर्तनाच्या चाचण्या घेतल्या. मग रिपोर्टर (क्रे चाललेल्या पेशीला चमकवणारं जनुक) घातलेल्या भावंडांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाच्या सीए१ थरात लालभडक चमकत होते ते न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी! त्रिकोणी अंग, वर गेलेला जाड फाटा, एकमेकांना खेटून बसलेले. चांदणीसारखे ॲस्ट्रोसाइट थराच्या वर-खाली विखुरलेले. आठ महिन्यांच्या त्या कामातलं मला काहीच वापरता आलं नाही.

कारण साधं आहे. गर्भात रेडियल ग्लिया नावाच्या ज्या मूळपेशींपासून न्यूरॉन जन्मतात, त्यांच्यातही जीफॅपचा प्रमोटर (क्रे चालू करणारा डीएनएचा तुकडा) चालू असतो. क्रेनं जनुकाच्या दोन बाजूंना घातलेल्या लॉक्सपीच्या खुणांमधला डीएनए एकदा कापला, की तो बदल त्या पेशीच्या सगळ्या वंशात उतरतो. कार्डावरचं नाव आजचं असतं, जनुकातला काप मात्र जुना असू शकतो.

म्हणून आधी तुमच्या क्रे उंदरांच्या लाइनचा (वंशाचा) संकर एआय१४ या रिपोर्टर उंदराशी करा. क्रे चाललेली पेशी त्यात लाल होते. प्रयोग ज्या वयात करणार, त्याच वयाचे उंदीर घ्या. न्यूरॉनसाठी न्यूएन, ॲस्ट्रोसाइटसाठी सॉक्स९ ही प्रथिनं रंगवा. नुसत्या जीफॅपच्या रंगावर विसंबू नका. कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) पुष्कळ निरोगी ॲस्ट्रोसाइटमध्ये तो जेमतेम दिसतो. मग दोन गोष्टी मोजा: लाल पेशींपैकी ॲस्ट्रोसाइट किती, आणि एकूण ॲस्ट्रोसाइटपैकी लाल किती. मेंदूच्या प्रत्येक भागासाठी वेगळं मोजा, सरासरी काढू नका.

एवढ्यावर थांबू नका. एआय१४ सहज कापला जातो, तुमचं जनुक तितक्या सहज कापलं जाईलच असं नाही. प्रथिन खरंच गेलं का, ते त्याच पेशीत बघा.

टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावरच चालणारी क्रेईआर लाइन गर्भातला घोळ टाळते, पण औषधाशिवायही ती थोडी गळू शकते, म्हणजे क्रे थोडा चालूच असतो. औषधाशिवाय नुसतं तेल टोचलेला गट ठेवाच. मायक्रोग्लियासाठी (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींसाठी) सीएक्स३सीआर१ या जनुकाची क्रेईआर लाइन वापरत असाल, तर टॅमॉक्सिफेननंतर निदान चार आठवडे थांबा, म्हणजे रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी, ज्यांत हेच जनुक चालतं, बदलून जातात. मेंदूच्या आवरणांतल्या मॅक्रोफेज (भक्षक पेशी) मात्र राहतात, त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. शिवाय या लाइनमध्ये क्रे त्या जनुकाच्याच जागी बसवलेला असतो, म्हणजे त्याची एक प्रत आधीच गेलेली. तुलनेसाठी क्रे असलेला पण लॉक्सपी नसलेला उंदीर हवा. न्यूरॉनसाठीची सिनॅप्सिन-क्रे लाइन असेल तर क्रे आईकडून घ्या. नराच्या वृषणातही तो चालतो आणि पिल्लांच्या सगळ्या अंगातलं जनुक जाऊ शकतं.

हे सगळं जमलं तरी पेशी उंदराचीच. माणसाच्या कॉर्टेक्समधला ॲस्ट्रोसाइट व्यासानं सुमारे २.६ पट मोठा असतो, फाटेही कितीतरी जास्त. माणसाच्या आजाराबद्दल काही म्हणायचं असेल, तर शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतीत ते तपासावं लागेल. त्यासाठी नीतिसमितीची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. उंदरांची पहिली जोडी लावाल, त्याच आठवड्यात अर्ज करा.