सत्तरीपुढच्या रुग्णाची रेडिओथेरपी ठरवताना

नुसते वय बघू नका, अंगातली ताकद बघा. उपचार ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या बैठकीआधी जी-८ ही आठ प्रश्नांची चाचणी करून घ्या. १७ पैकी १४ किंवा कमी गुण आले, तर चालणे, स्मरणशक्ती, पोषण आणि चालू औषधे यांची सविस्तर तपासणी हवी. पेसमेकर असेल तर सीटी सिम्युलेशनच्या (उपचाराची आखणी करायच्या स्कॅनच्या) आधीच सांगा.

मग विचारा: कमी फेऱ्यांत भागेल का? हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या दुखण्यावर ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचे एकक) एकच डोस बहुधा पुरतो. सुरुवातीचे काही दिवस दुखणे उलट वाढू शकते, म्हणून वेदनाशामक लगेच बंद करू नका.

खरी गडबड होते ती खाण्यात. डोके-मानेच्या उपचारात गिळताना दुखते, जेवण तुटते, वजन उतरते. मग डोके स्थिर धरणारा मास्क सैल होतो आणि किरणांचा नेम ढळतो. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा. आहारतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून हवेत, वजन उतरल्यावर नव्हे.

ओटीपोटाच्या उपचारात अनेकदा मूत्राशय भरून ठेवायला सांगतात. लघवी धरवत नसेल तर संकोच न करता तंत्रज्ञांना सांगा. योजना तशी बेतता येते.