सर्व्हर सापडेना, पट्टी निघेना: डेटाबेस कनेक्ट होत नसेल तर कुठून सुरुवात करायची

मार्चमधला सोमवार, सकाळचे पावणेदहा, आणि सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून दिवाणजींचा फोन. "दादा, सॉफ्टवेअर उघडतंय पण आत जाईना, लाल चौकोन येतोय नुसता." मार्च म्हणजे हळदीचा ऐन सीझन, बाहेर राजापुरीच्या पोत्यांची थप्पी लागलेली, सौदे सुरू व्हायच्या बेतात, आणि पट्टी (शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब) काढायचं सॉफ्टवेअर बंद. मालक मागून ओरडत होते, "त्याला म्हणावं आधी ये, मग बोल."

मी पोचेपर्यंत तिथं जे झालं होतं ते सगळीकडंच होतं म्हणून आधी सांगतो. चारही कॉम्प्युटर तीन-तीनदा रिस्टार्ट करून झालेले, कोणीतरी अँटीव्हायरस काढून टाकलेला, आणि एका उत्साही पोरानं तर एका मशीनवरचं सॉफ्टवेअरच अनइन्स्टॉल केलेलं, आता सेटअप फाइल कुठंय ते कुणालाच माहीत नाही. रोग रेड्याला अन् औषध पखालीला. एकाच वेळी चारही मशीनवर तोच प्रॉब्लेम आहे म्हटल्यावर चारही सॉफ्टवेअर एकदम बिघडली असतील का, एवढा विचार केला असता तरी ते वाचलं असतं. एकाच मशीनवर असेल तर त्या मशीनकडं बघा, सगळीकडं असेल तर सर्व्हरकडं (सगळा डेटा ज्यावर असतो तो कॉम्प्युटर) नाहीतर मधल्या नेटवर्ककडं बघा. हा पहिला प्रश्न, फोनवरच विचारायचा.

दुसरा प्रश्न, मेसेज नेमका काय आहे. "एरर येतोय" हे उत्तर नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरवाले बऱ्याचदा आतला खरा मेसेज लपवतात आणि वर "डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही" एवढंच दाखवतात, मग डिटेल्सचं बटन असेल तर ते दाबा, नसेल तर त्याच मशीनवर मायएसक्यूएलचा (इथला डेटाबेस तोच) वर्कबेंच किंवा काळ्या विंडोतला साधा क्लायंट, म्हणजे डेटाबेसला जोडणारा प्रोग्राम, घेऊन तोच पत्ता, तोच यूजर टाकून बघा. तिथं नंबरासकट मेसेज मिळतो. तो नंबर म्हणजे अर्धं निदान असतं.

कारण मेसेज तीन जातीचे असतात. समजा तुम्ही कुणाच्या गोडाऊनला माल बघायला गेलात. दारात उभं राहून हाका मारताय, मारताय, आतून कोणी ओ देईना, शेवटी कंटाळून परत आलात, हा झाला टाइम आऊट. वॉचमन लगेच म्हणाला, इथं त्या नावाचं कोणी बसत नाही, तो कनेक्शन रिफ्यूज्ड. आणि वॉचमननं आत सोडलं पण आतले दिवाणजी म्हणाले तुम्ही कोण, आमच्या वहीत तुमचं नाव नाही, तो ॲक्सेस डिनाइड. पहिल्यात पत्ता चुकलाय, वायर सुटलीय किंवा फायरवॉलनं (बाहेरून येणारं अडवणारा पहारेकरी) गपचूप गिळलंय. दुसऱ्यात मशीनपर्यंत पोचलात पण त्या पोर्टवर (मशीनच्या आतला नंबराचा दरवाजा) कोणी ऐकत नाही, म्हणजे सर्व्हिस बंद आहे नाहीतर पोर्ट वेगळा आहे. तिसऱ्यात नेटवर्क एकदम ठणठणीत आहे, तिथं केबल हलवत बसू नका, यूजर-पासवर्डकडं जा.

मायएसक्यूएलमध्ये पहिले दोन्ही २००३ नंबरखालीच येतात, पण कंसात अजून एक आकडा असतो आणि खरी गोष्ट तोच सांगतो. विंडोजवर १००६० म्हणजे टाइम आऊट आणि १००६१ म्हणजे रिफ्यूज्ड, लिनक्सवर तेच ११० आणि १११. फोटो पाठवताना लोक नेमका तो कंस कापून पाठवतात.

आमच्याकडं २००३ आणि कंसात १००६०. म्हणजे हाका मारतोय, ओ नाही.

अशा वेळी मी थेट सर्व्हरवर जातो, कारण सर्व्हर स्वतःशी बोलतोय का हे कळलं की अर्धं शिवार कमी होतं. या दुकानात सर्व्हर म्हणजे साधाच विंडोजचा पीसी, २०१९ च्या महापुरानंतर मालकांनी तो वरच्या मजल्यावर नेलाय, म्हणजे प्रत्येक वेळी लोखंडी जिना चढा आणि उतरा. वर गेलो तर कॅबिनेटवर दसऱ्याचं हळदीकुंकू तसंच, आणि आत पंख्याच्या पात्यांवर जी हळद बसली होती ती काही दसऱ्याची नव्हती, यार्डातली धूळच पिवळी असते तिथं. असो. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत मायएसक्यूएल रनिंग होतं. मग त्याच मशीनवर क्लायंट उघडून होस्टच्या जागी १२७.०.०.१ (म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता) टाकलं, झटक्यात कनेक्ट झालं, सगळ्या पट्ट्या जागेवर. खाली येऊन मालकांना सांगितलं, "डेटा सुरक्षित आहे, आता निवांत बसा." निवांत कोण बसतंय.

इथं सर्व्हिसच बंद निघाली असती तर वाट वेगळी. आधी स्टार्ट करून बघायची, लगेच परत बंद पडत असेल तर सी ड्राइव्ह फुल्ल झालाय का बघा (दिसायला फालतू, पण निघतं), आणि मग डेटा फोल्डरमधली एरर लॉग फाइल वाचा. तो फोल्डर विंडोजवर प्रोग्रामडेटाच्या आत लपलेला असतो, हिडन फाइल्स चालू केल्याशिवाय दिसत नाही. रात्री लाइट जाऊन आणि यूपीएसची बॅटरी झोपलेली असून मशीन धाडकन बंद पडलं असेल तर मायएसक्यूएल सहसा स्वतःच सावरतं, वेळ लागतो फक्त. पण सावरत नसेल तर काहीही करायच्या आधी पूर्ण डेटा फोल्डरची कॉपी दुसरीकडं काढून ठेवा, आणि "ही फाइल उडवली की चालू होतं" असा कुठला व्हिडिओ बघून आयबीडेटा नावाच्या डेटाच्या फाइलला हात लावू नका, हात जोडून सांगतो.

आता पत्ता. सर्व्हरवर आयपीकॉन्फिग ही कमांड मारली तर नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, आला १९२.१६८.०.१०४. खाली क्लायंटच्या, म्हणजे त्या चार कॉम्प्युटरच्या, सेटिंगमध्ये होता १९२.१६८.१.१०. दिवाणजींना विचारलं, "शनिवारी कोण येऊन गेलं काय?" तर म्हणाले, "नेटवाला आला होता की, जुना राउटर जळला, नवीन बसवून गेला." बास. नव्या राउटरची रेंजच वेगळी, सर्व्हरचा पत्ता पण राउटरच वाटतो, त्यामुळं सर्व्हर नव्या पत्त्यावर राहायला गेला आणि चारही कॉम्प्युटर जुन्या घराचं दार वाजवत बसले. नेटवाल्याची चूक म्हणायची का, तर नाही, नेट चालू झालं का बघितलं आणि गेला, त्याला काय माहीत वरच्या मजल्यावर कोण बसलंय. (आयपी १६९.२५४ नं सुरू होत असेल तर मात्र राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, तेव्हा केबल आणि स्विचवरचे लाइट बघा.)

क्लायंटमध्ये नवा पत्ता टाकला. परत २००३, परत १००६०. इथं बरेच लोक हताश होतात आणि केलेला बदल उलटा फिरवतात, ते करू नका. पिंग मारून बघितलं, तेही जाईना, पण पिंगवर माझा फार विश्वास नाही कारण विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही म्हणून मशीन मेलंय असं होत नाही. त्यापेक्षा पोर्टच ठोठावून बघावा. पॉवरशेल उघडायचं, टेस्ट-नेटकनेक्शन लिहायचं, पुढं सर्व्हरचा आयपी, मग डॅश पोर्ट आणि ३३०६ (मायएसक्यूएलचा नेहमीचा पोर्ट), एंटर (हे सगळं अर्थात इंग्लिशमध्ये टाइप करायचं). शेवटच्या ओळीत टीसीपी टेस्ट सक्सीडेडसमोर ट्रू आलं तर रस्ता मोकळा, फॉल्स आलं तर नाही. जुने लोक टेलनेट वापरतात, तेही चालतं, पण विंडोजवर ते आधी चालू करून घ्यावं लागतं.

फॉल्स आलं. परत जिना. सर्व्हरवर नेटस्टॅट (कुठला पोर्ट कोण ऐकतंय ते दाखवणारी कमांड) मारलं, डॅश ए एन ओ लावून, आणि ३३०६ ची ओळ शोधली. तिथं ०.०.०.० च्या पुढं ३३०६ आणि लिसनिंग असं दिसलं तर डेटाबेस सगळ्या बाजूंनी ऐकतोय, आणि १२७.०.०.१ च्या पुढं दिसलं तर फक्त स्वतःचंच ऐकतोय, मग कॉन्फिग फाइलमध्ये बाइंड-ॲड्रेस बदलून सर्व्हिस रिस्टार्ट करावी लागते. उबंटूवर मायएसक्यूएल टाकलं की हे हमखास भेटतं, तिथं बाइंड-ॲड्रेस १२७.०.०.१ च असतो. आमच्याकडं ०.०.०.० होतं, म्हणजे तो ऐकतोय पण आवाज आत जाईना. मग राहिली फायरवॉल.

आणि तिथंच होतं. नवा राउटर दिसला की विंडोजला ते नवीन नेटवर्क वाटतं, आणि ते त्याला पब्लिक समजून बसतं, म्हणजे बसस्टँडवरच्या फुकट वायफायसारखं. ३३०६ साठी आपण पूर्वी केलेला नियम होता फक्त प्रायव्हेट नेटवर्कसाठी. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते प्रायव्हेट केलं, झालं. नियमच नसेल तर ॲडव्हान्स्ड फायरवॉलमध्ये इनबाउंड रूल, पोर्ट, टीसीपी, ३३०६, अलाउ, फक्त प्रायव्हेटवर टिक, असा करून घ्या. पूर्ण फायरवॉल बंद करून "चालतंय की" म्हणणारे आहेत, दोन मिनिटं टेस्टपुरतं एक वेळ ठीक, पण तसंच सोडून घरी जायचं नाही.

आता टेस्टला ट्रू आलं, मी खुशीत सॉफ्टवेअर उघडलं, आणि परत लाल चौकोन. दिवाणजींनी माझ्याकडं असं बघितलं की बोलायची सोय नाही. पण मला बरं वाटलं, कारण मेसेज बदलला होता! आता ११३०, हा होस्ट या सर्व्हरला कनेक्ट करू शकत नाही. म्हणजे आता खुद्द मायएसक्यूएल बोलतोय, आपण दारातून आत आलोय, फक्त वहीत नाव नाही. मेसेज बदलला की समजायचं आपण एक पायरी वर चढलो, आणि म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दरवेळी मेसेज लिहून घ्यायचा, नाहीतर कशानं काय झालं कळतच नाही.

मायएसक्यूएलमध्ये यूजर म्हणजे नुसतं नाव नसतं, नाव आणि कुठून येणार ते गाव, अशी जोडी असते. आपला बिलिंगचा यूजर १९२.१६८.१ च्या रेंजमधून येणाऱ्यांसाठी बनवलेला, आणि नव्या राउटरनं सगळ्यांचं गावच बदललेलं. सर्व्हरवर रूटनं (सगळे अधिकार असलेला मुख्य यूजर) आत जाऊन यूजरच्या टेबलमधून यूजर आणि होस्ट हे दोन कॉलम बघितले की लगेच दिसतं. रीनेम यूजर या कमांडनं जुन्या रेंजच्या जागी १९२.१६८.० ची रेंज टाकली, परवानग्या तशाच राहतात, पासवर्डही तोच. होस्टच्या जागी नुसतं पर्सेंटचं चिन्ह टाकून "कुठूनही या" करायचा मोह होतो, रूटसाठी तर ते कधीच करू नका, आणि घरून बघता यावं म्हणून राउटरवर ३३०६ बाहेर उघडायचा तर विचारही नको, उघडे पोर्ट शोधत फिरणारे बॉट इंटरनेटवर चोवीस तास हिंडत असतात. घरून लागत असेल तर व्हीपीएन (दुकानाच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खाजगी रस्ता) घ्या.

सव्वाअकराला पहिली पट्टी निघाली. हमाली, तोलाई, अडत सगळं बरोबर.

तुमच्याकडं दुसरे मेसेज असतील तर थोडक्यात. १०४५ म्हणजे पासवर्ड नाहीतर यूजर चुकला, कॉपी करताना शेवटी स्पेस आलीय का बघा. १०४० म्हणजे कनेक्शन संपली, मायएसक्यूएलमध्ये मुळात १५१ ची मर्यादा असते, ती वाढवण्याआधी कोणतं सॉफ्टवेअर कनेक्शन उघडून बंदच करत नाही ते शोधा. जुनं सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरशी बोलताना ऑथेंटिकेशन प्लगिनबद्दल कुरकुरत असेल तर ते ८.० पासून बदललेल्या पासवर्ड पद्धतीमुळं, त्यावर क्लायंटचा ड्रायव्हर अपडेट करणं हाच धड उपाय. लिनक्सवर लोकलहोस्ट लिहिलं की क्लायंट नेटवर्कनं न जाता सॉकेट फाइलनं जातो, म्हणून २००२ आला तर १२७.०.०.१ लिहून बघा, फरक पडला तर कुठं शोधायचं ते कळलं.

मायएसक्यूएलऐवजी पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर पोर्ट ५४३२, आणि ते मुळात फक्त लोकलहोस्टवरच ऐकतं, लिसन ॲड्रेसेस बदलावे लागतात, शिवाय पीजी एचबीए नावाच्या फाइलमध्ये तुमच्या रेंजची ओळ घालावी लागते, आमचा ११३० तिथं त्या फाइलच्या नावानं येतो. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवाल्यांचं दुखणं ठरलेलं: कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी-आयपी बंद असतं, ते चालू करून सर्व्हिस रिस्टार्ट, आणि इन्स्टन्सच्या नावानं जोडत असाल तर ब्राउझर नावाची सर्व्हिस चालू आणि यूडीपी १४३४ मोकळा. त्याशिवाय क्लायंटला पोर्टच कळत नाही.

जायच्या आधी राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक ॲड्रेससमोर (नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) एकच आयपी कायमचा राखून ठेवला, म्हणजे रिस्टार्ट झालं, लाइट गेली तरी तोच मिळणार. मग एका वहीच्या पानावर सर्व्हरचा आयपी, पोर्ट आणि "राउटर बदलताना आधी फोन करणे" एवढं लिहून दिवाणजींना दिलं, त्यांनी ते कॅबिनेटवर हळदीकुंकवाच्या बरोबर खाली चिकटवलं आणि म्हणाले, "दादा, त्या अनइन्स्टॉल केलेल्या मशीनचं काय?" तो सेटअप शोधण्यात माझी दुपार गेली.