गोल्फमध्ये सुरुवात कुठल्या टीवरून करायची? नवख्यांनी या चुका टाळा

मराठवाड्यातून गोल्फकडे वळलेला माणूस 18 होलचा कोर्स खेळायचा म्हणून गाडी काढतो. कुणी ओळखीच्या सदस्याबरोबर येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर जातो, कुणी नांदेड-लातूरकडून हैदराबाद गाठून गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात. पाच-सहा तासांचा प्रवास झालेला असतो. पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर (प्रत्येक होलला अशा पुढे-मागे बऱ्याच जागा असतात, मागची जागा म्हणजे होल लांब), कॅडी, म्हणजे बॅग सांभाळणारा मदतनीस, विचारतो, "सर, कुठून मारणार?" आणि उत्तर ठरलेलं असतं: "एवढ्या लांबून आलोय, मग मागूनच मारू की!"

पुढचे चार-पाच तास बिघडतात ते याच उत्तराने.

मागच्या टीवरून खेळलं म्हणजे खरा गोल्फ, असं समजणं

400 यार्डांचा एक पार 4, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल, घ्या. तुमचा चांगला बसलेला ड्राइव्ह (टीवरचा पहिला लांब फटका) 170 यार्ड जातो. उरले 230. आता गवतावर पडलेला चेंडू वुडने (लांब पल्ल्याच्या क्लबने) उचलायचा, म्हणजे नवख्यासाठी सगळ्यात अवघड फटका. तो टॉप होतो, म्हणजे क्लब चेंडूच्या माथ्याला लागतो, आणि चेंडू साठेक यार्ड सरपटत जातो. पुन्हा तोच वुड, पुन्हा जोर, या खेपेला चेंडू उजवीकडे रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात. ग्रीनवर (खळगा असलेल्या बारीक गवताच्या जागेवर) पोचेपर्यंत पाच फटके झालेले असतात, वर दोन-तीन 'पट', म्हणजे चेंडू खळग्याकडे घरंगळवायचे फटके. कार्डावर सात किंवा आठ.

तोच होल पुढच्या टीवरून 310 यार्डांचा असेल तर त्याच ड्राइव्हनंतर 140 उरतात. हायब्रिड (वुडपेक्षा मारायला सोपा क्लब) मारला, चेंडू ग्रीनच्या अलीकडे थांबला, एक चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका), दोन पट. पाच. हात तेच, क्लबही तेच. पण या वेळी चिपिंग करायला मिळालं, आणि ग्रीनवर पोचलात तेव्हा डोकं शांत होतं. मागून खेळणारा दिवसभर एकच फटका मारत राहतो, तोही त्याला अजून न जमणारा. वेज आणि पटर हे जवळच्या फटक्यांचे क्लब, जिथे फटके खरे वाचतात, त्यांच्यापर्यंत तो पोचतो तेव्हा पुरता वैतागलेला असतो. माझ्या मते मागच्या टीचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. स्कोअरचं दुःख त्यामानाने किरकोळ.

आपली लांबी वाढवून सांगणं

कधीतरी एकदा 220 गेलेला चेंडू ही तुमची लांबी नव्हे. दहा चेंडू मारा, सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात वाईट दोन सोडा, उरलेल्यांची सरासरी धरा. रब्बीची ज्वारी काढल्यावर मोकळ्या रानात सराव करणाऱ्यांनी तर जास्तच जपून मोजावं. एप्रिल-मे महिन्यांत जमीन इतकी टणक असते की चेंडू पडल्यावर बराच घरंगळतो. पावसाळ्यात ओल्या फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) तोच चेंडू जिथे पडला तिथेच रुततो. म्हणून चेंडू हवेतून किती गेला ते वेगळं बघा. टेप नसेल तर गुंठ्याचा हिशोब सोपा आहे. चौरस गुंठ्याची एक बाजू 33 फूट, म्हणजे बरोबर 11 यार्ड. सरळ रेषेत असे सोळा गुंठे ओलांडले की 176 यार्ड झाले. (रानात माणूस किंवा जनावर नाही ना, हे आधी बघाच.)

लांबी कळली की कोर्स निवडता येतो. अमेरिकेत 2011 मध्ये गोल्फ संघटनांनी 'टी इट फॉरवर्ड' मोहीम काढली, तेव्हा साधारण आकडे दिले होते. ड्राइव्ह 225 यार्ड असेल तर 5800 ते 6000 यार्डांचा कोर्स, 200 असेल तर 5200 ते 5400, 175 असेल तर 4400 ते 4600, आणि 150 असेल तर 3500 ते 3700. नवख्याने हाच तक्ता वापरावा. 'फाइव्ह आयर्नची (मधल्या पल्ल्याच्या क्लबची) लांबी गुणिले 36' म्हणजे कोर्सची लांबी, असाही एक हिशोब सांगतात, पण सुरुवातीला फाइव्ह आयर्न दोनदा सारखा लागत नाही, मग गुणायचं कशाला?

आता अडचण अशी की 175 यार्ड मारणाऱ्याला बऱ्याच कोर्सवर सगळ्यात पुढची टीसुद्धा लांब पडते. अशा वेळी घरगुती फेरीत सरळ फेअरवेवर पुढे जाऊन खेळा. पार 4 ला ग्रीनपासून 250 यार्डांवर चेंडू ठेवा. अगदीच नवे असाल तर 150 च्या खुणेपासून. त्यात कमीपणा काही नाही. शाळेतल्या पोरांसाठी बाउंड्री आत घेतो, तसंच हे.

"ती बायकांची टी आहे" म्हणून टाळणं

टी बाईची की पुरुषाची, असं गोल्फच्या नियमांत कुठेही नाही. एकाच टीला पुरुष आणि स्त्रियांसाठी वेगवेगळं रेटिंग (अवघडपणाचा आकडा) देता येतं. साठी ओलांडलेले काका, शाळकरी मुलगा, वाळूजच्या कंपनीतून रविवारी सवड काढून आलेला तिशीतला इंजिनिअर, तिघांचीही पुढची टी असू शकते. उलट 200 यार्ड मारणाऱ्या मुलीला 'ताई, तुम्ही पुढून खेळा' म्हणणं तितकंच चूक. तिला तिच्या लांबीची टी मिळायला हवी.

नुसता रंग बघून ठरवणं

लाल, पांढरी, निळी, काळी हे टीच्या मार्करचे (खुणांचे) रंग सगळीकडे सारखे नसतात. एका कोर्सची पांढरी दुसऱ्याच्या निळीइतकी लांब निघते. स्कोअरकार्डावर त्या टीची एकूण लांबी बघा, आणि आकडे यार्डात आहेत की मीटरमध्ये तेही. 5500 मीटर म्हणजे सुमारे 6015 यार्ड. एवढ्या फरकात टी बदलते. जवळच स्लोप रेटिंग छापलेलं असेल. ते 55 ते 155 असतं, 113 हे प्रमाण मानतात. आकडा जितका मोठा, तितका तो कोर्स नवख्याला जड.

सोबतचे जिथून खेळतात तिथूनच खेळणं

एका चौकडीत प्रत्येकाने वेगळ्या टीवरून खेळलं तरी चालतं, हँडिकॅपच्या (खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीच्या) हिशोबात टीचा फरक धरलेला असतो. मात्र मागच्या टीवाल्यांचे फटके होईपर्यंत पुढच्या टीकडे चालत जाऊ नका. पहिल्या टीवर गप्पांच्या नादात हे हमखास होतं, आणि डोक्याला चेंडू लागला तर प्रकरण गंभीर आहे.

मार्करच्या पुढे चेंडू ठेवणं

चेंडू दोन मार्करच्या मध्ये, त्यांच्या रेषेवर किंवा मागे दोन क्लबच्या लांबीपर्यंत ठेवायचा. पाय बाहेर असले तरी चालतात. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत) पुढून किंवा चुकीच्या टीवरून मारलं तर दोन फटक्यांचा दंड, आणि पुढचा होल सुरू करण्याआधी चूक सुधारली नाही तर स्पर्धेतून बाद.

मागे जायची घाई

एक फेरी चांगली गेली की लगेच मागची टी नको. बहुतेक पार 4 ला दुसऱ्या फटक्याला हातात नाइन आयर्न किंवा वेज (दोन्ही जवळच्या पल्ल्याचे क्लब) येऊ लागला, आणि हे निरनिराळ्या दिवशी, पावसाळ्यातही घडलं, तर एकच टी मागे जा. तिथे पुन्हा लांबचा वुड निघायला लागला तर खुशाल पुढे या.