मॅकची मिनिटं वाचवा: आधी टेस्ट लिनक्सवर

फ्लटरमध्ये (मोबाइल अ‍ॅप बनवायचं गूगलचं साधन) केलेल्या अ‍ॅपची आयओएस बिल्ड, म्हणजे आयफोनसाठी अ‍ॅप तयार करणं, गिटहबच्या क्लाउडवर लावली की खासगी रिपॉझिटरीची (कोड ठेवायच्या जागेची) मोफत मिनिटं बघता बघता संपतात, कारण मॅक मशिनचं मिनिट लिनक्सपेक्षा कितीतरी महाग पडतं. त्यात जीव जळतो तो याचा, की बरेचदा बिल्ड एखाद्या साध्या टेस्टपायी पडते. ती टेस्ट लिनक्सवरही पडलीच असती.

गिटहब अ‍ॅक्शन्सवर (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी गिटहबची सेवा) असं करा:

१. वर्कफ्लोचे (ही कामं लिहिलेल्या फाइलचे) दोन जॉब करा. पहिला उबुंटूवर (लिनक्सवर), त्यात फक्त ‘फ्लटर अ‍ॅनालाइझ’ आणि ‘फ्लटर टेस्ट’.

२. दुसरा मॅकवर, आयओएस बिल्डचा. त्यात ‘नीड्स’पुढे पहिल्या जॉबचं नाव लिहा. टेस्ट पडली तर मॅक सुरूच होत नाही.

३. मॅकच्या जॉबला ‘टाइमआउट-मिनिट्स’मध्ये ४० लिहा. ही ओळ अजिबात गाळू नका. साइनिंगच्या (अ‍ॅपवर डिजिटल सही करायच्या) वेळी कीचेन (मॅकची पासवर्ड-तिजोरी) पासवर्डसाठी अडलं, तर पासवर्ड विचारणारी खिडकी तिथे कुणालाच दिसत नाही आणि बिल्ड नुसती लटकून राहते. मुदत दिली नसेल तर जॉब ३६० मिनिटं, म्हणजे चक्क सहा तास, मिनिटं खात बसतो.

४. ‘कन्करन्सी’त (एका वेळी काय चालावं ते ठरवणाऱ्या भागात) ‘ग्रुप’ला ब्रँचचं (कोडच्या शाखेचं) नाव द्या, ‘कॅन्सल-इन-प्रोग्रेस’ ट्रू ठेवा. लागोपाठ तीन पुश झाले, म्हणजे तीनदा नवा कोड पाठवला, तरी शेवटचीच बिल्ड पूर्ण होते.

स्टोअरवर अपलोड करणाऱ्या वर्कफ्लोला मात्र चौथी पायरी लावू नका. नवा पुश आला की चालू अपलोड मध्येच तुटेल.