मॅन्युअल टेस्टरने पुढची वाट कशी धरावी

लातूर वा छत्रपती संभाजीनगरात मॅन्युअल टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः हाताने वापरून तपासण्याचे काम, करणाऱ्याने लॉगिनसारख्या रोज त्याच त्या तपासण्या आधी ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनांवर, म्हणजे २००४ पासूनच्या सेलेनियमवर किंवा २०२० मध्ये आलेल्या प्लेराइटवर, स्क्रिप्ट लिहून सोपवाव्यात. एपीआय, म्हणजे दोन प्रणालींमधली माहितीची देवाणघेवाण, तपासायला सुरुवातीला पोस्टमन हे साधन पुरे. खरा कस लागतो तो काय तपासायचे हे सुचण्यात: पीकविम्याच्या अर्जात सातबाऱ्यावरचे ‘०.४०.००’ हे क्षेत्र, म्हणजे चाळीस आर, जसेच्या तसे भरून पाहावे; दोन टिंबांचा आकडा रकाना नाकारेल किंवा, त्याहून वाईट, गुपचूप चुकीचा वाचेल. एआयकडून चाचण्या जरूर लिहून घ्याव्यात, पण कोडवरून लिहिलेली चाचणी पुष्कळदा त्यातील दोषच बरोबर धरून चालते, म्हणून प्रत्येक अपेक्षित उत्तर मूळ मागणीशी ताडावे. ‘दोन टिंबांचे क्षेत्र भरले तर काय होईल?’ असे प्रश्न कोड लिहिला जाण्यापूर्वीच, डेव्हलपरांच्या बैठकीत विचारावेत.