सुतार यायच्या आधी

घराचं काम काढायचं ठरलं, की सगळ्यात आधी एक वही घ्या आणि आठवडाभर घरातलं कोण, किती वाजता, कुठे बसतं-झोपतं ते लिहून काढा. रविवार वेगळा लिहा. मुलीची ऑनलाइन शिकवणी आणि आजोबांच्या संध्याकाळच्या बातम्या एकाच हॉलमध्ये येत असतील, तर तिथे सरकतं पार्टिशन हवं हे वहीच सांगेल. शेवटच्या पानावर पुढच्या दहा वर्षांत घरात कोण येणार, कोण बाहेर पडणार ते लिहा: बाळंतपण, गावाहून कायमचे राहायला येणारे आईवडील, शिकायला बाहेरगावी जाणारा मुलगा. हे पान घरातल्या सगळ्यांनी वाचल्याशिवाय सुताराला फोन करू नका.

मग सोसायटीकडून किंवा बिल्डरकडून इमारतीच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगची प्रत मिळवा. बऱ्याच जुन्या इमारतींत कॉलम-बीमच्या सांगाड्यात विटांच्या चार इंची आतल्या भिंती भरलेल्या असतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून, सोसायटीची आणि महापालिकेची लागेल ती परवानगी घेऊन त्या हलवता येतात. नवे टॉवर मात्र पुष्कळसे मायवान पद्धतीचे असतात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतलेले. तिथे दोन खोल्यांमधली भिंतसुद्धा काँक्रीटची आणि भार पेलणारी. ती पाडायची नाही, तिच्यात नवं दारही काढायचं नाही. अशा घरात जो काही बदल करायचा तो फर्निचर आणि पार्टिशनमधूनच.

मापं स्वतः घ्या. रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियात आतल्या भिंतींची जागाही धरलेली असते, त्यामुळे वापरायची फरशी कागदावरच्या आकड्यापेक्षा कमीच भरते. दारांचं माप चौकटीचं नको. पल्ला पूर्ण उघडल्यावर जी मोकळी वाट उरते तिचं घ्या. हे मी अगदी पोटतिडकीने सांगते आहे. सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घरी आणला आणि पहिल्याच संध्याकाळी तो बाथरूमच्या दारात अडला. वाट 23 इंच, वॉकर 25. मग वॉकर तिरका करून आत सारायचा, त्यांनी एका हाताने चौकट घट्ट धरायची, दुसरा हात माझ्या खांद्यावर, आणि दोन पावलं उंबऱ्यावरून आत. दीड महिना दिवसातून पाच-सहा वेळा हेच. दोनच वर्षांपूर्वी ते बाथरूम आम्ही नवं करून घेतलं होतं. टाइल्सच्या रंगावर तीन रविवार गेले होते, दाराच्या रुंदीचा विषय ना आम्ही काढला, ना कंत्राटदाराने.

म्हणून बाथरूमच्या कामात विटांची भिंत फोडलेलीच असेल, तेव्हाच दार रुंद करून घ्या. व्हीलचेअरसाठी 900 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट वाट लागते. पल्ला बाहेर उघडणारा किंवा सरकता ठेवा. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. टाइल्स बसण्याआधी प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढून ठेवा. उद्या कमोडशेजारी आधाराचा दांडा बसवायचा झाला तर पाइप कुठून गेलाय ते कळेल.

वायरिंगच्या वेळी हात आखडू नका. प्रत्येक खोलीत एक जादा 16 अँपिअरचा पॉइंट, पलंग कुठल्याही बाजूला फिरवला तरी हाताशी येतील असे टू-वे स्विच (एकच दिवा दोन जागांहून लावता येणारे), आणि पुढच्या गरजेसाठी एखादा रिकामा पाइप, आत ओढायची तार ठेवून. हॉलचे दोन भाग करणार असाल तर दोन्ही भागांना स्वतःचा पंखा, स्वतःचा स्विच आणि मुख्य म्हणजे स्वतःची खिडकी हवी. खिडकी नसेल तर तिथे पार्टिशन करूच नका. सरकत्या पार्टिशनची वरची पट्टी स्लॅबमध्ये घट्ट बसली पाहिजे, फॉल्स सीलिंगच्या पीओपीमध्ये नाही. ओल्या जागी आयएस 710 चं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय वापरा.

भिंतीत मिटणारा पलंग घ्यायचा विचार असेल तर आधी फरशीवर रांगोळीने पाच बाय साडेसहा फुटांचा चौकोन आखा आणि दोन दिवस तसंच वावरा. कपाटाचं दार उघडतं का? रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस कुठून जाईल? तो पलंग रोज उचलणार कोण, आणि उशा-पांघरुणं दिवसा कुठे राहणार? मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांतून रात्रीची गादी सकाळी वळकटी होऊन जागच्या जागी जायची, कारण त्या वळकटीची जागा ठरलेली होती. तुमच्याही कपाटात तेवढा खण आधी मोकळा ठेवा. भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची असेल तर पलंगाचं वजन ती कशी पेलणार हे पलंगवाल्याकडून लिहून घ्या.

कोटेशन मागताना भिंतीला ठोकायचं फर्निचर आणि हलवता येणारं, असे दोन हिशेब वेगळे मागा. पहिल्या हिशेबातून जमेल तेवढं कापा. आणि प्रत्येक खोलीतली निदान एक भिंत पहिलं वर्षभर तशीच मोकळी सोडा. आमच्याकडे सासूबाईंच्या खोलीत ती खिडकीखालची निघाली. आधी तिथे वॉकर उभा असायचा, आता लेकीचं घडीचं टेबल आहे.