विश्वस्त झालात? मग या चुका टाळा

"तुमचं नुसतं नाव असू द्या, काम आम्ही बघतो." वाचनालय असो, वसतिगृह असो, देवस्थान असो की शाळा चालवणारं शिक्षण मंडळ, संस्थेत नव्याने जाणाऱ्या विश्वस्ताला हे वाक्य ऐकू येतंच. निवृत्त मुख्याध्यापक, गावातले डॉक्टर, बँकेतून व्हीआरएस घेतलेले गृहस्थ, महिला मंडळ वर्षानुवर्षं सांभाळलेल्या एखाद्या ताई, सगळे भिडेखातर हो म्हणतात. हार-तुरा होतो, लेटरहेडवर नाव छापलं जातं.

नुसत्या नावाचा विश्वस्त कायद्याला मात्र माहीत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, ज्याला जुनी मंडळी अजून 'बॉम्बे पब्लिक ट्रस्ट अ‍ॅक्ट' म्हणतात, त्याच्या लेखी सभेला येणारा आणि न येणारा दोघेही सारखेच विश्वस्त. अडचणीत येणाऱ्या संस्था पाहिल्या तर पैसे खाणारे थोडे निघतात, भिडेपोटी न विचारणारे फार. खालच्या बहुतेक चुका याच भिडेतून होतात.

हो म्हणण्याआधी कागद न मागणं

चार कागद मागा: संस्थेची घटना व नियमावली, 'शेड्यूल वन'चा (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त आणि मालमत्तेच्या नोंदीचा) ताजा उतारा, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि शेवटचा चेंज रिपोर्ट (अशा नोंदीतला बदल कळवणारा अर्ज) मंजूर झाल्याचा आदेश. आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांची नोंदणी दुहेरी असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली एक नंबर आणि विश्वस्त व्यवस्था म्हणून दुसरा, 'एफ'ने सुरू होणारा. दोन्ही पाहून घ्या. घटनेतला उद्देशांचा भाग तर दोनदा वाचा. वाचनालय म्हणून नोंदलेल्या संस्थेने रुग्णवाहिका घ्यायचं ठरवलं की हेतू कितीही चांगला असला तरी ऑडिटर पहिला प्रश्न उद्देशांवरच काढतो.

कागद मागितल्यावर सचिव दुखावले, "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणाले, तर संस्थेबद्दल बरंच काही तिथेच कळतं.

निवडणूक झाली, चेंज रिपोर्ट राहिला

महाराष्ट्रातल्या संस्थांचा हा जुनाट आजार. विश्वस्त बदलले, कोणी वारलं, कोणी राजीनामा दिला, नवी मालमत्ता आली, पत्ता बदलला, तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत तो बदल धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. निवडणूक होते, पेढे वाटले जातात आणि अर्ज 'वकीलसाहेबांकडे दिलाय' या अवस्थेत वर्षानुवर्षं राहतो. कधी अर्ज दाखल झालेला असतो, पण तारखांना कोणी गेलेलंच नसतं. मग तो निकाली निघतो आणि संस्थेत कोणाला पत्ताही नसतो.

हे कळतं ते भलत्याच वेळी. बँक खात्यावरच्या सह्या बदलायच्या असतात, आणि बँक शेड्यूल वनचा उतारा मागते. उताऱ्यावर नावं असतात ती अशा माणसांची, ज्यांतले निम्मे स्वर्गवासी आहेत. एखाद्या कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी ठरत आलेला असतो, तोही इथेच अडतो. त्यातून एकदा साखळी तुटली की पुढचं सगळं लोंबकळतं. २०१० च्या निवडणुकीचा अर्ज प्रलंबित असेल तर २०१५ च्या कार्यकारिणीला निवडून देणारे सभासद वैध होते का, सभा बोलावणाऱ्याला तो अधिकार होता का, असे प्रश्न उभे राहतात. संस्थेत दोन गट असले तर मग बघायलाच नको.

झालं असेल तर सोडवायचं कसं? सगळ्यात आधी कार्यालयातून किंवा ऑनलाइन, संस्थेच्या नावावर नेमके कोणते अर्ज प्रलंबित आहेत त्याची यादी काढा. सुरुवात सर्वात जुन्यापासून. प्रत्येक बदलासाठी सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, ठरावाची प्रत, जाणाऱ्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला आणि येणाऱ्याचं संमतीपत्र अशी वेगळी फाइल करा. सगळ्या वर्षांचं एकच बाड करून दिलं की त्रुटी निघत राहतात. ९० दिवस उलटले म्हणून घाबरू नका. २०१७ च्या दुरुस्तीनंतर, पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करण्याचा अधिकार सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्तांना आहे. खर्च म्हणून काही रक्कम भरायला लावतील, ती भरा. उताऱ्यावरचा एकही विश्वस्त हयात नसेल तर मागच्या तारखेची सभा दाखवण्याच्या फंदात पडू नका. नवे विश्वस्त नेमून द्यावेत म्हणून कलम ४७ खाली अर्ज करता येतो. तो रस्ता लांबचा असला तरी सरळ आहे.

घरी बसून लिहिलेलं प्रोसिडिंग

कार्यवाह वर्षाच्या शेवटी एका रविवारी बसतात आणि बारा महिन्यांची इतिवृत्तं एका दमात लिहून काढतात. मग शिपाई वही घेऊन घरोघर सह्यांना फिरतो. सगळ्या सभांना तेच सूचक, तेच अनुमोदक, शाईही तीच. भांडण नसेल तोवर हे खपतं. भांडण लागलं की समोरचा वकील पहिला हात या वहीला घालतो.

विषयपत्रिका घटनेत सांगितलेल्या मुदतीत पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच तर घटनेला ते चालतं का ते बघा, नसेल चालत तर पोस्टाने किंवा सही घेऊन. गणसंख्या किती होती ते आकड्यात लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखादा ठराव तुम्हाला पटला नसेल तर तुमचा विरोध नावानिशी नोंदवायला लावा. बाहेर चहाच्या टपरीवर "मला ते पटलंच नव्हतं" म्हणण्याला काही अर्थ नसतो. पुढे चौकशी झाली तर ती दोन ओळींची नोंदच तुमच्या बाजूने बोलते. विरोध नोंदवणं म्हणजे भांडण नव्हे, हे आपल्याकडे अजून रुळायचं आहे.

कोरे चेक, आणि 'व्हाउचर नंतर देतो'

दोन सह्यांचा नियम कशासाठी आहे? दोन माणसांनी बिल पाहावं यासाठी. अध्यक्ष मुंबईला मुलाकडे राहतात म्हणून दहा कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवल्या की तो नियम तिथेच संपला. राहत नसाल गावात, तर सहीचा अधिकार सोडा. पद राहू द्या हवं तर.

उचल घेऊन महिनोन्महिने हिशेब न देणं ही दुसरी सवय. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि ऑडिट सहा महिन्यांत व्हायला हवं. ऑडिटरने अनियमितता आपणहून कळवणं हे कलम ३४ प्रमाणे त्याचं कर्तव्य आहे, त्यामुळे "सीए आपलाच माणूस आहे" यावर विसंबू नका. हिशेब वारंवार न देणाऱ्या विश्वस्ताला कलम ४१डी खाली पदावरून दूर करता येतं.

आता एक गोष्ट, जी भल्या माणसांच्या हातूनच होते. पगार थकलेत, अनुदान आलेलं नाही, मग खजिनदार स्वतःचे दोन लाख घालतात. "आले की घेईन परत." ही उसनवार म्हणजे संस्थेने काढलेलं कर्जच, आणि कलम ३६ए प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी नसताना विश्वस्तांना संस्थेसाठी असं कर्ज काढता येत नाही. बिनव्याजी आहे म्हणून सुटका नाही. देणगी द्यायची असेल तर पावती फाडून द्या, परत हवे असतील तर आधी परवानगी.

देणग्यांबाबत थोडक्यात. २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर देणगीदाराला ८०जीची, म्हणजे आयकरातली, सवलत मिळत नाही, हे पावती फाडतानाच सांगा. देणगीदारांचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे गेलं नाही तर प्रमाणपत्र निघत नाही आणि दिवसाला दंड चढतो. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, लोकांच्या तोंडी मात्र ८०जीच आहे. पूरग्रस्तांसाठी म्हणून जमवलेला निधी शिल्लक राहिला तर तो परस्पर इमारतीच्या रंगाला लावायचा नाही. ज्या कामासाठी घेतला त्याच कामाच्या खात्यात तो दिसला पाहिजे.

मेहुण्याला दिलेलं कंत्राट

मेव्हणा खरोखरच स्वस्तात बांधकाम करून देत असेल. तरी त्याचं नातं सभेत उघड सांगा, तीन कोटेशन घ्या, चर्चेच्या वेळी उठून बाहेर जा आणि हे सगळं इतिवृत्तात येऊ द्या. विश्वस्ताच्या नातेवाइकाला बाजारभावापेक्षा जास्त पैसे गेले तर संस्थेची आयकरातली सूट धोक्यात येते, ते वेगळंच.

पैसा आणि पद यांचा हा वाद आपल्याकडे नवा नाही. १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांचं वेतन आणि त्यांनी बाहेर करायची कमाई यांवरून इतकं पेटलं, की १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. माणसं एवढी मोठी आणि हेतूही चोख, तरी हे झालं. म्हणून मानधन, प्रवासखर्च, बाहेरची कामं यांचे नियम भांडणाआधी लिहून ठेवावेत.

जागा भाड्याने देताना

संस्थेची स्थावर मालमत्ता विकायला, बक्षीस द्यायला किंवा अदलाबदल करायला कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. भाडेपट्ट्याचं मात्र विसरतात. शेतजमीन १० वर्षांहून जास्त, आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने द्यायची असेल तरी परवानगी हवीच. रस्त्याकडेचे गाळे नऊ वर्षांच्या कराराने देऊन मोकळं झालेलं मंडळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. २०१७ पासून नंतर मंजुरी मिळण्याची सोय आहे, पण ती अपवादात्मक परिस्थितीत, कारणं सिद्ध केली तर. तिच्या भरवशावर करार करू नका.

अमेरिकेतल्या भाच्याची देणगी

गावच्या शाळेला न्यू जर्सीतून पैसे यायचे असले की सगळ्यांना आनंद होतो, आणि इथेच पाय घसरतो. भाच्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते, मग मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. अशी रक्कम घ्यायला परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती यावी लागते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. गावच्या अर्बन बँकेत नाही. तेव्हा आभाराचं पत्र लिहिण्याआधी पासपोर्टची प्रत मागवा. चुकून साध्या खात्यात पैसे आलेच तर त्यातला रुपयाही खर्च न करता सीएला गाठा.

कर्मचाऱ्यांशी वागणं

विश्वस्तांनी धोरण ठरवावं, व्यवस्थापकाने काम करावं. वसतिगृहाच्या भाजीत मीठ किती, हे पाच विश्वस्त पाच वेळा सांगू लागले की स्वयंपाकीण काम सोडते. पगार देणं ही सेवा नसून तो तिचा हक्क आहे, हेही 'सेवाभावी' मंडळींना अधूनमधून सांगावं लागतं. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि २०१३ च्या त्या कायद्यात विनावेतन काम करणारे स्वयंसेवकही कर्मचारीच धरले आहेत. समितीत बाहेरची सदस्य लागते. अध्यक्षांच्या पत्नीला बसवून भागत नाही.

तोंडी राजीनामा

वैतागून "उद्यापासून मी येणार नाही" म्हटलं, ग्रुप सोडला, म्हणजे विश्वस्तपद सुटलं असं नाही. लेखी राजीनामा द्या, पोचपावतीवर शिक्का घ्या, तो सभेपुढे ठेवून मंजूर झाल्याचा ठराव मागा. तुमच्या सह्या बँकेतून काढल्याचं पत्र घ्या. संस्था चेंज रिपोर्ट दाखल करत नसेल तर राजीनाम्याची प्रत धर्मादाय कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि आवक क्रमांक घ्या. उताऱ्यावरून नाव उतरेपर्यंत ही फाइल रद्दीत जाऊ देऊ नका, आणि ती कुठे ठेवली आहे ते घरात एकाला तरी सांगून ठेवा.